किती देते?

महाराष्ट्रात नवी गाडी कोणतीही घ्या, पेढा घशाखाली उतरायच्या आत समोरचा विचारतो, ‘किती देते?’ कर्ज किती काढलं, रंग कोणी निवडला, हे सगळं नंतर. स्प्लेंडरवाला या प्रश्नाची वाटच बघत असतो. सीएनजीवाला तर किलोमागे पैशांपर्यंत हिशेब सांगतो आणि आपण विचारलं याचा आपल्यालाच पश्चात्ताप होतो. फक्त थारवाला उत्तर देण्याआधी विचारणाऱ्याकडे नीट बघून घेतो. विचारणारा कोण, यावर त्याचं अ‍ॅव्हरेज ठरतं.

वय पंचेचाळीसच्या अलीकडे-पलीकडे, नोकरी हिंजवडीत, घर बाणेर किंवा वाकडला, गृहकर्ज संपत आलेलं, मधुमेह सुरू व्हायचा. पुण्यात हा माणूस हल्ली प्रत्येक सोसायटीत एक तरी सापडतो. २०२० साली, ऐन गांधीजयंतीला, महिंद्राने नवी थार बाजारात आणली. देश टाळेबंदीतून नुकता बाहेर डोकावत होता, आणि सहा महिने लॅपटॉपसमोर बसून मान आखडलेल्या या गृहस्थाला, आपल्या आत एक रानटी पुरुष दडलेला आहे, असा साक्षात्कार झाला होता. पहिली थार लिलावात १ कोटी ११ लाखांना गेली. पैसे करोनाच्या मदतकार्याला जायचे होते, ही गोष्ट वेगळी. थारवाल्याने ती बातमी घरी मोठ्याने वाचून दाखवली आणि म्हणाला, “बघ, आपल्याला केवढ्या स्वस्तात मिळतेय!”

गाडी आली आणि त्याची भाषा बदलली. काल-परवापर्यंत ज्याला स्वतःच्या शर्टाचा नंबर बायकोला विचारावा लागायचा, तो आता जमिनीपासूनची उंची २२६ मिलिमीटर आणि पाण्यातून जाण्याची क्षमता ६५० मिलिमीटर, हे झोपेतही सांगतो. सहाशे पन्नास म्हणजे नेमकं कुठवर, हे त्याने मोजपट्टी घेऊन स्वतःच्या पायावर मोजलंय. पावसाळ्यात इतर लोक पाणी साचलेला रस्ता टाळतात, हा तो शोधत फिरतो. खडकवासल्यातून विसर्ग वाढला आणि भिडे पूल पाण्याखाली गेला की याच्या डोळ्यांत एक चमक येते. पण पुलाच्या तोंडाशी पोलीस उभा असतो आणि त्याला मिलिमीटर कळत नाहीत.

गाडी चालवण्याचा आनंद मात्र खरा आहे, त्यात खोट काढता येणार नाही. उंच बैठक, समोर सपाट बॉनेट, बाकीची वाहतूक गुडघ्याखाली. २.२ लिटरचं डिझेल इंजिन अगदी कमी फेऱ्यांपासून ओढायला लागतं, त्यामुळे वरंधा घाटात ट्रकच्या मागे दुसऱ्या गिअरमध्ये निवांत चढता येतं. गतिरोधक त्याच्या दृष्टीने रद्द झालेले आहेत. मागे बसलेल्यांच्या दृष्टीने ते दुप्पट झालेत. तीन दारांच्या थारमध्ये मागे जायचं तर पुढची सीट वाकवून, एक पाय पायरीवर, दुसरा अधांतरी, आणि डोकं आधी की कंबर आधी याचा निर्णय हवेतच घ्यायचा. सासूबाई एकदा चढल्या. उतरल्यावर म्हणाल्या, “जावईबापू, गाडी छान आहे हो. परत जाताना मी एसटीने जाईन.” मागच्या खिडक्या उघडत नाहीत हे त्यांना ताम्हिणीत, मळमळायला लागल्यावर कळलं होतं.

द्रुतगती मार्गावर हा रानटी पुरुष थोडा नरमतो. वळणावर गाडी कलते, नव्वदच्या पुढे वाऱ्याचा आवाज एवढा होतो की बायकोचं बोलणं ऐकू येत नाही. हा दोष आहे असं अजून त्याने कुठेही म्हटलेलं नाही.

आता अ‍ॅव्हरेज. त्याच्याकडे ती तीन आहेत. ऑफिसातल्या मित्रांना सांगायचं तेरा. बायकोला सांगायचं साडेअकरा, कारण पेट्रोल पंपाचे मेसेज दोघांच्या खात्यावर येतात. आणि वडिलांना सांगायचं काहीच नाही. वडील बँकेतून निवृत्त झालेले. चेतक स्कूटरच्या प्रत्येक लिटरचा हिशेब त्यांनी डायरीत लिहून ठेवलाय. मुलाच्या गाडीचा आकडा कानावर पडला तेव्हा त्यांनी चष्मा काढून एवढंच विचारलं, “एका चाकाचा सांगतोयस का रे?”

कागदावर आकडा पंधराच्या आसपास आहे. गाड्यांची चाचणी घेणाऱ्या एआरएआयच्या पद्धतीने तो आलेला आहे. पुणेकर ज्या टेकडीवर सकाळी फिरायला जातात, तिथलीच ही संस्था. पण ही चाचणी रस्त्यावर होत नाही, प्रयोगशाळेत गाडीची चाकं रोलरवर फिरवून होते. एसी बंद, वेग ठरलेला, कमाल नव्वद. चांदणी चौक नाही, हिंजवडीचा सिग्नल नाही, अचानक आडवी येणारी रिक्षा नाही. जवळपास पावणेदोन टनांची गाडी एसी लावून वाकडच्या पुलाखाली पाऊण तास उभी राहिली की त्या वेळेपुरतं तिचं अ‍ॅव्हरेज शून्य असतं, आणि समोरच्या पडद्यावर आकडा दशांशा-दशांशाने उतरताना बघणं हे कमकुवत हृदयाच्या माणसाचं काम नाही.

पडद्यावर विश्वास नाही म्हणून तो ‘फुल टू फुल’ करतो. टाकी काठोकाठ भरायची, गाडी चालवायची, पुन्हा काठोकाठ भरायची, भागाकार. पंपावरचा पोरगा ‘झिरो बघा साहेब’ म्हणतो तेव्हापासून हा उतरून उभा असतो. नोझल आपोआप बंद पडलं की पोरगा बाजूला होतो, पण याचं समाधान होत नाही. आत हवेचा बुडबुडा राहिला असेल म्हणून तो गाडीला कमरेने धक्के देतो. मागे रांगेत उभे असलेले लोक आधी हॉर्न वाजवतात, मग नुसतेच बघत राहतात. विनोद असा की जंगलात हरवून जायला घेतलेल्या या गाडीचा तो जेवढा हिशेब ठेवतो, तेवढा त्याने म्युच्युअल फंडाचाही ठेवलेला नाही.

वेगाचं गणित मात्र त्याने वेळेवर समजून घ्यायला हवं होतं. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ऐंशीवरून एकशे दहावर गेलं की तो जवळपास दुप्पट होतो, आणि थारचा चेहरा म्हणजे उभी भिंत. त्यात याने छतावर कॅरिअर लावलं, कॅरिअरवर दोन रिकामे जेरीकॅन लावले, पुढे चार दिवे आणि एक विंच. जेरीकॅन रिकामेच का, असं विचारलं तर म्हणतो, “वजन वाढतं ना!”

टायर बदलले तेव्हा तर त्याने कमालच केली. मूळचे २५५/६५ आर १८ होते, त्याजागी २८५ रुंदीचे चिखलाचे टायर. जड टायर, जास्त घर्षण, अ‍ॅव्हरेज आणखी खाली. पण टायरचा घेर साधारण पाच टक्क्यांनी वाढला, म्हणजे मीटर शंभर किलोमीटर दाखवतं तेव्हा गाडी प्रत्यक्षात एकशे पाच गेलेली असते. हे बरोबर आहे. या एका खऱ्या गोष्टीवर तो गेलं वर्षभर जगतोय. “मीटर कमी दाखवतं, खरं तर जास्त देते,” असं म्हणून प्रत्येक आकडा तो १.०५ ने गुणतो. टायरांची किंमत कशाने गुणायची हे अजून ठरलेलं नाही.

लाहौलमध्ये २०२३च्या नाताळात वाहतूक कोंडी टाळायला एकाने थार थेट चंद्रा नदीतून नेली आणि पोलिसांनी त्याला दंड केला. जून २०२४ मध्ये कच्छच्या मुंद्र्याला रील काढण्याच्या नादात दोन थार समुद्रात अडकल्या. हे दोन्ही व्हिडिओ आमच्या थारवाल्याला किमान वीस जणांनी पाठवले, त्यातले तीन सख्खे नातेवाईक. त्याचं प्रत्येकाला एकच उत्तर : “टायरमधली हवा कमी केली नव्हती त्यांनी.” वाळूत हवा कमी करावी लागते, हे शास्त्र बरोबर आहे. समुद्रात गाडी घालू नये, हे त्याहून बरोबर आहे. परत भरायला त्याने बारा व्होल्टचा कंप्रेसर घेतलाय. त्यावर सध्या सोसायटीतल्या सगळ्या पोरांच्या सायकलींत हवा भरली जाते.

आणि तरी एकदा तो खराच चिखलात गेला. पानशेतच्या पलीकडे, आषाढात, भातखाचरांमधल्या वाटेवर. छोटा दांडा ओढून फोर-लो लावला, चारही चाकं गुरगुरली आणि गाडी ज्या शिस्तीत ती निसरडी चढण चढली ते बघून क्षणभर त्याचा सगळा खर्च माफ करावासा वाटावा. पडद्यावर अ‍ॅव्हरेज चारवर आलं होतं आणि पहिल्यांदाच त्याचं तिकडे लक्ष नव्हतं. मग उत्साहाच्या भरात तो खाचराच्या बांधावरून घसरला. तासाभराने ट्रॅक्टर आला. इरलं पांघरलेल्या आजोबांनी दोर बांधला, गाडी बाहेर काढली, पैसे नको म्हणाले, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, “किती देती ओ, सायेब?”

“दहा,” तो म्हणाला. एवढं खरं उत्तर त्याने त्याआधी कोणालाच दिलं नव्हतं.

आजोबा म्हणाले, “मंग वडापलाच लावा. आमची जीप बी दहाच द्यायची. पर पंधरा माणसं बसायची.”

घ्यायचा विचार असेल तर डिझेलला शहरात नऊ-दहा धरा, मोकळ्या रस्त्यावर ऐंशीच्या वेगाने बारा-तेरा. पेट्रोल ऑटोमॅटिकला शहरात सात-आठ मिळाले तरी पेढे वाटा. टाकी सत्तावन्न लिटरची आहे. घरी कोणाला कितीचा आकडा सांगायचा, ते मात्र बुकिंग करण्यापूर्वीच ठरवून ठेवा.