पल्ल्याचे गणित आणि हिवरखेडचा रस्ता

विजेच्या मोटारसायकलीचा पल्ला, म्हणजे बॅटरी एकदा पूर्ण भरल्यावर तिने कापावयाचे अंतर, प्रयोगशाळेत फिरत्या रुळांवर मोजला जातो. त्या रुळांना खड्डे नसतात, मागे कुटुंब बसलेले नसते आणि टाकीवर सरकीच्या ढेपेचे पोते आडवे टाकलेले नसते. २०१९ साली आलेल्या ‘रिव्होल्ट आरव्ही ४००’चा पल्ला १५० किलोमीटर सांगितला गेला खरा, परंतु तो ताशी सुमारे ४५ किलोमीटरच्या काटकसरी वेगाचा होता; ‘स्पोर्ट’ पद्धतीने पळवल्यास तोच ८० वर येतो, म्हणजे वेग हवा त्याने अंतराचा मोह सोडावा, असा हा वैराग्याचा उपदेश आहे. पूर्ण भरणीस लागणारे साडेचार तास वीज सलग राहील, हे गृहीतकही अकोला जिल्ह्यातल्या हिवरखेडच्या चालकास कादंबरीसारखे वाटते. उन्हाळ्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि अशा उष्णतेत लिथियम-आयन बॅटरी लवकर झिजते, हे तर माहितीपत्रकाच्या चकचकीत पानावर सहसा नसतेच. हिवरखेडहून जवळच्या तेल्हाऱ्यापुरती ही गाडी उत्तम आहे. अकोल्याला जाऊन त्याच दिवशी परतावयाचे असेल, तर चार्जरबरोबर अकोल्यात एखादा नातेवाईकही हवा.