यंत्राने आपणहून कंस का मिटू नये

म्युनिक

ती. आत्यास,


वेबसाइटांच्या कोडमधले हरवलेले कंस हुडकणे, यावरच आमच्या दोघांची चूल पेटते, हे तू जाणतेसच. तुझा प्रश्न मात्र बिनतोड आहे: 'चूक झाली हे यंत्राला कळतं, कितव्या ओळीत तेही सांगतं, मग मेलं स्वतःच का नाही दुरुस्त करत?' यातली मेख अशी, की चूक कुठे आहे हे यंत्राला कळत नाही. जावास्क्रिप्ट या भाषेत बाराव्या ओळीला मिटायचा महिरपी कंस राहून गेला, तर तक्रार बहुधा फाइलच्या अगदी तळाशी येते, की मजकूर अनपेक्षितपणे संपला. उघडलेला कंस पुढे कुठेही मिटता येतो, म्हणून यंत्र बिचारं शेवटपर्यंत आशेवर असतं. सदऱ्याचं वरचं बटण चुकीच्या काजात गेलं, तरी ते कळतं शेवटचं काज उरल्यावर; त्यातला प्रकार. यंत्र सांगतं ती ओळ म्हणजे त्याचा धीर सुटला ती जागा. शोध तिथून वरच्या दिशेने करायचा. २०२१ साली आलेली पायथन भाषेची ३.१० ही आवृत्ती यात जरा शहाणी झाली: अमुक ओळीतला कंस मिटलाच नाही, असं ती नेमकं सांगते. पण उघडला कुठे एवढंच तिला कळतं. मिटायचा कुठे, हे लिहिणाऱ्याच्या मनात, आणि तिथवर तिचा हात पोचत नाही.

तरीही अंदाजाने मिटून टाकावा, असं तू म्हणशील. तो प्रयोग होऊन गेला आहे. ब्रेंडन आइक यांनी नेटस्केप कंपनीत १९९५ च्या मे महिन्यात दहा दिवसांत जावास्क्रिप्टचा पहिला नमुना उभा केला. राहिलेला अर्धविराम आपणहून घालण्याची सोय या भाषेत आहे, आणि बहुतेक वेळा ती निमूट उपयोगी पडते. पण 'रिटर्न' लिहून हिशेबाची बेरीज पुढच्या ओळीवर लिहिली, की हीच सोय 'रिटर्न'पाशी अर्धविराम ठोकून मोकळी होते. बेरीज खाली तशीच पडून राहते, परत काहीच जात नाही, आणि प्रोग्राम न कुरकुरता चालू राहतो. लाल अक्षरांत ओरडणारी चूक त्यापेक्षा कितीतरी बरी; ती निदान गिऱ्हाइकाच्या बिलापर्यंत पोचत नाही.

आता तुझ्या बाजूचा एक भक्कम पुरावा मीच देतो. वेबपानं ज्यात लिहितात त्या एचटीएमएलमध्ये टॅग, म्हणजे खुणेचा शब्द, मिटायचा राहिला तरी ब्राउझर सांभाळून घेतो. २००० साली एक्सएचटीएमएल आलं, त्याच्या कडक सोवळ्यात एक टॅग चुकला की वाचकाला पानाऐवजी तक्रारच दिसे. लोकांनी त्याला रामराम ठोकला. २००९ मध्ये त्याच्या दुसऱ्या आवृत्तीचं कामही थांबवलं गेलं, आणि चुका कशा सांभाळायच्या याचेच नियम एचटीएमएल ५ मध्ये लिहून काढले. इथे तू जिंकलीस. मात्र पान वाचायचं असतं, दोन शब्द जास्त ठळक झाल्याने कुणाचं घर बुडत नाही. प्रोग्रामला पैसे मोजायचे असतात, कुलपं लावायची असतात. शिवाय तक्रार आली नाही म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. २०१४ च्या फेब्रुवारीत ॲपलला आयफोनची तातडीची दुरुस्ती काढावी लागली. सुरक्षित जोडणीच्या कोडमध्ये 'गोटू फेल' ही ओळ एकाखाली एक दोनदा पडली होती. व्याकरण चोख असल्याने यंत्र गप्प राहिलं, आणि सही तपासण्याची शेवटची पायरीच टळली.

हल्ली कोड लिहिण्याचे एडिटर दुरुस्ती सुचवतात खरे, पण बहुधा होकाराची वाट पाहतात. तेवढ्या आगाऊपणाला आमची ना नाही. बाकी मजकूर पुढच्या पत्री.

तुझे,
भाचा आणि भाचेसून