तारकर्लीला चला, पण कसे?

तारकर्लीचं पाणी इतकं नितळ की तळ दिसतो. तिथवर नेणाऱ्या महामार्गाचाही दिसतो. मुंबई-गोवा रस्त्याचं चौपदरीकरण 2011 साली सुरू झालं. तेव्हा पाळण्यात असलेल्या पोरांना आता मिसरूड फुटलंय. दरवर्षी गणपतीच्या तोंडावर मंत्रिमहोदय पाहणी करतात, नवी तारीख देतात, आणि खड्ड्यांत पेव्हर ब्लॉक बसतात. पहिल्याच दमदार सरीला ब्लॉक एकेक करून जागा सोडतात. मग आधी नुसता खड्डा होता, तिथं खड्डा अधिक मोकळे ठोकळे, असा दुहेरी लाभ.

रेल्वेने जावं, तर सणासुदीचं आरक्षण उघडतं ते प्रतीक्षायादीपासूनच. (ही तिकिटं ज्यांना मिळतात, ती माणसं अजून कुणाच्या पाहण्यात नाहीत.) कसंबसं कुडाळला उतरलात की रिक्षावाला आधी तुमच्या बॅगेला चाकं आहेत का ते बघतो. भाडं मग सांगतो.

विमानाचीही सोय आहे हो! चिपीचा विमानतळ 9 ऑक्टोबर 2021 रोजी थाटात खुला झाला. धावपट्टी चांगली अडीच किलोमीटर लांब. विमानं मात्र माहेरवाशिणीसारखी, सासरच्यांच्या मर्जीने येणारी.

परतीची तऱ्हा तीच, फक्त मांडीवर आंब्याची पेटी वाढलेली. आपले आजोबा भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीने मालवणला जात. ओकत जात, पण पोचत.

तेव्हा जरूर जा. सोमवारी कामावर हजर होतो, असं मात्र साहेबाला लेखी देऊ नका.