मालिका सोडल्याचा दाखला

"मामी, जॅडझिया गेली गं."

बाळूचा आवाज इतका भरून आला होता की आमची ही फोन हातात धरून मटकन खाली बसली. "अगं बाई! कधी?"

"१९९८ साली."

बाळू माझा भाचा. नोकरीनिमित्त कार्डिफला असतो. त्याचं सगळं ठीक चाललंय. फक्त सुतक संपत नाही. 'स्टार ट्रेक: डीप स्पेस नाइन' ही मालिका तो तिसऱ्यांदा पाहत होता, सहाव्या सीझनच्या शेवटाला आला, आणि जॅडझिया डॅक्स तिसऱ्यांदा मेली. दर वेळी ती वाचेल अशी त्याला आशा असते.

विज्ञानकथा आणि अद्भुत कथांच्या मालिका पाहणाऱ्यांत ही एक स्वतंत्र जात आहे. बाकीचे प्रेक्षक मालिकेत कोण आहे ते पाहतात, हे लोक कोण गेलं ते पाहतात. अवकाशयान कसं चाललंय, परग्रहावरचं युद्ध कोण जिंकतंय, याचं त्यांना फारसं काही नसतं. अमुक नट करार संपला म्हणून गेला, पैशांवरून गेला, की लेखकाच्या डोक्यात गेला, यावर रात्री दोनपर्यंत वाद घालतील.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघं त्याच्याकडे गेलो तेव्हा त्याने मला वही दाखवली. उभी, लांबट, शाळेच्या जनरल रजिस्टरसारखी आखलेली. नाव, दाखल झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख, सोडण्याचे कारण, वर्तणूक, शेरा. बाळूचे आजोबा शाळेत हेडक्लार्क होते, ते रक्त असं उसळलं.

पहिलं नाव टाशा यार. 'नेक्स्ट जनरेशन'मधल्या यानाची सुरक्षाप्रमुख. १९८७मध्ये दाखल, १९८८मध्ये खलास. काम करणाऱ्या डेनिस क्रॉसबीला भूमिकेत करण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून ती बाहेर पडली. लेखकांनी काय केलं, तर डांबराच्या डबक्यासारख्या एका प्राण्याकडून तिला एका फटक्यात मारलं. "मामा, सुरक्षाप्रमुख गं ती!" भावनेच्या भरात त्याने मलाही 'गं' म्हटलं. "पावसात खड्ड्यात पाय जाऊन माणूस पडावा, तशी मेली." शेऱ्याच्या रकान्यात मात्र बारीक अक्षरात पुढची हकिकत होती. १९९०मध्ये काळाच्या घोळातून ती परत आली, चांगलं मरण घेऊन गेली, आणि पुढे तिचीच मुलगी म्हणून तीच नटी शत्रूच्या यानातून उतरली. दाखला नेलेली मुलगी पुन्हा प्रवेशाला यावी आणि सोबत स्वतःचीच लेक म्हणून यावी, असा प्रसंग आजोबांच्या शाळेत नक्की आला नसणार.

या चाहत्यांची खरी अडचण हीच. आपल्याकडे तेराव्याला गोड जेवण होतं आणि माणसं कामाला लागतात. इथे तेरावं घालावं कधी? डॅनियल जॅक्सन २००२मध्ये 'स्टारगेट एसजी-१' सोडून गेला. गेला म्हणजे देह ठेवून तेजोरूप झाला. चाहत्यांनी तो परत यावा म्हणून मोहीम काढली, आणि पुढच्याच वर्षी स्वारी सगळं विसरून, अंगावर चिंधी नसताना, दुसऱ्या ग्रहावर सापडली. मधल्या वर्षी त्याच्या जागी आलेल्या जोनस क्विनचं कुणी नाव काढत नाही. बाळूने मात्र त्याच्यापुढे 'वर्तणूक: उत्तम' लिहिलंय. दुसऱ्याच्या खुर्चीत बसण्यापलीकडे त्या बिचाऱ्याने काही केलं नव्हतं.

'डॉक्टर हू'मधला एड्रिक हा गणितात हुशार पोरगा १९८२मध्ये गेला. त्या भागाच्या शेवटी श्रेयनामावलीला संगीत नव्हतं, पडद्यावर त्याचा फुटलेला बिल्ला आणि शांतता. हाच पोरगा जिवंत होता तेव्हा बऱ्याच प्रेक्षकांच्या डोक्यात जायचा. गेल्यावर गुणी ठरला. हे वाचताना मला परकं काहीच वाटलं नाही.

एका पानावर मात्र मी थबकलो. 'बॅबिलॉन ५'चा कमांडर सिंक्लेअर. मायकेल ओहेअर हा नट पहिल्याच सीझननंतर गेला. का गेला, यावर वर्षानुवर्षं तर्क चालले. बाळूच्या रकान्यातही एकावर एक चार कारणं लिहून खोडलेली होती. नट २०१२मध्ये वारला आणि पुढच्या वर्षी मालिकेचा कर्ता स्ट्रॅझिन्स्की याने सांगितलं, की त्याला गंभीर मानसिक आजार होता आणि दोघांनी मिळून ते गुपित ठेवलं होतं. तशातही तो तिसऱ्या सीझनमध्ये येऊन सिंक्लेअरची गोष्ट पुरी करून गेला होता. बाळूने चारही कारणांवर पांढरी शाई फासली होती. वर काही लिहिलं नव्हतं.

"आणि हा डॉक्टर कितीदा मेलाय रे?" हिने स्वयंपाकघरातून विचारलं.

"मरत नाही मामी, रिजनरेट होतो." बाळू खुलला. विल्यम हार्टनेलची तब्येत ढासळली तेव्हा, १९६६मध्ये, डॉक्टरचं सगळं शरीरच बदलतं ही युक्ती कशी काढली, मग पॅट्रिक ट्रॉटन कसा आला, इथपासून त्याने सुरुवात केली. पोळ्या होईपर्यंत तो टॉम बेकरपर्यंत पोचला होता.

"म्हणजे नट बदलला, एवढंच ना? आमच्या सासू-सुनेच्या मालिकेतल्या मिहिरचं झालं तसं."

"ते वेगळं, मामी."

"काय वेगळं? मेला. लोकांनी आकांत केला. परत आला. मग दोनदा तोंड बदलून आला. आणि त्याच्या बायकोला, तुलसीला, एकदाही यानात बसावं लागलं नाही."

बाळू जेवेपर्यंत बोलला नाही.

संध्याकाळी तो आम्हाला कार्डिफ बेला घेऊन गेला. मर्मेड कीपाशी धक्क्यावर एक लाकडी भिंत आहे. तिच्यावर फोटो, चिठ्ठ्या, फुलं, पावसाने शाई उतरलेली पत्रं. हे 'टॉर्चवूड'मधल्या इयांटो जोन्सचं स्मारक. तो २००९मध्ये वारला. तेही ज्याला मरण नाही अशा कॅप्टन जॅकच्या मिठीत. आपला अश्वत्थामा परवडला, तो निदान एकटा भटकतो. चाहत्यांनी तेव्हा बीबीसीला कॉफीची पाकिटं पाठवली होती, इयांटोला परत आणा म्हणून. इयांटो परत आला नाही. कॉफीचं काय झालं ते विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं, पण बाळूने टोपी काढली होती.

"कॉफी का?" हिने हळूच विचारलं.

"तो सगळ्यांना करून द्यायचा."

हिने पर्स उघडली. विमानात मिळालेली जी वस्तू वापरली नाही ती ही परत देत नाही. कॉफीची चपटी पुडी निघाली. ती हिने दोन फोटोंच्या मधल्या फटीत खोचली, वाऱ्याने पडली, पुन्हा खोचली. मग सवयीने हात जोडले. बाळू समुद्राकडे बघत राहिला.

रात्री वही टेबलावर उघडी होती. शेवटची नोंद ताजी: 'मिहिर विराणी. सोडण्याचे कारण: अपघात. पुन्हा दाखल: लोकाग्रहास्तव. वर्तणूक: मामीला विचारणे.'

कार्डिफला गेलात तर भिंत शोधावी लागत नाही, धक्क्यावर कुणीही दाखवतं. पुडी मात्र खिळ्याखाली अडकवा, तिथे वारा फार असतो.