दोन गाद्यांचा राजा

नांदेड-लातूरकडच्या सोयाबीनवाल्याला सरकारने दोन राजपदं दिली आहेत: बळीराजा आणि ग्राहकराजा. दोन्ही गाद्या सांभाळत तो सेतू केंद्राच्या रांगेत आधार कार्ड घेऊन उभा असतो.

एक रुपयातला पीकविमा 2023 च्या खरिपात आला. शेत पाण्याखाली गेलं की 72 तासांत कळवायचं, तेही शक्यतो ॲपवर. गुडघाभर चिखलात, वीज गेलेली, मोबाइल मेलेला. पण नियम म्हणजे नियम! उशीर फक्त शेतकऱ्याला माफ नव्हता. 2025 च्या खरिपात ही कटकटच मिटवली. रुपयाची योजना बंद, आणि स्थानिक आपत्तीची भरपाईही वगळली. त्या हंगामात भरपाई ठरणार ती पीककापणी प्रयोगावर. मग ऑगस्ट-सप्टेंबरात पाऊस असा कोसळला, की कापायला पीक कुठं उरलं, हा प्रयोगाचाच प्रश्न झाला.

बियाणं न उगवलेला शेतकरीही ग्राहकच, असं सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये सांगितलंय. विमा कंपनीविरुद्धही ग्राहक म्हणूनच दाद मागता येते. पण हे सांगायला 24 डिसेंबरचा ग्राहक दिन, हार आणि भाषणं लागतात. त्या दिवशी ग्राहक बहुधा शेतात असतो.

तेव्हा दादा, बियाण्याची पावती, पिशवी आणि तिच्यावरचं लेबल जपून ठेवा. बियाण्यासाठी मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात फी शून्य, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षं.