रोपांचे काकाजी

यंत्रांच्या पाळ्या सांभाळून सेवानिवृत्त झालेल्या गृहस्थांच्या ठायी जो कृषिविषयक अधिकार आपोआप उत्पन्न होतो, त्याचे यथार्थ दर्शन ज्यास घ्यावयाचे असेल, त्याने भाद्रपदाच्या अखेरीस खापरखेड्यास यावे. १३४० मेगावॅट क्षमतेच्या औष्णिक वीजकेंद्राच्या सावलीतील या गावात प्रत्येक आळीत असा एक काकाजी असतोच, आणि टोमॅटोचे रोप गादीवाफ्यातून उचलून जमिनीत केव्हा लावावे, या प्रश्नाचा निकाल त्यांच्याच दप्तरी पडून असतो.

शास्त्र त्यांना मुखोद्गत आहे. रोप पंचवीस-तीस दिवसांचे व पाचसहा पानांचे असावे. उपटण्यापूर्वी काही दिवस पाणी तोडून ते काटक करावे. उपटताना मात्र वाफा भिजवून घ्यावा, म्हणजे मुळे तुटत नाहीत. आणि लावणी उन्हाची धग ओसरल्यावर सायंकाळीच करावी. यातील एकही कलम खोटे नाही. अडचण एवढीच, की पंचविसावा दिवस प्रत्यक्ष उजाडला म्हणजे काकाजी अंगणात येऊन, डोळ्यांवर हात धरून, वीजकेंद्राच्या धुराड्यातील धूर कोराडीकडे झुकतो की कन्हानकडे, याची सावकाश पाहणी करतात व हस्ताचा पाऊस रोपे कुजवील, सबब प्रकरण चित्रा नक्षत्रापर्यंत तहकूब, असे फर्मान काढतात. चित्रेत ऑक्टोबरचे ऊन तापते आणि कोवळी रोपे माना टाकतील म्हणून स्वातीची मुदत पडते. स्वातीत पांढरी माशी दिसते, ती पाने मुरडवणारा रोग पसरवते हे खरेच असल्यामुळे काकूंनाही प्रतिवाद करता येत नाही. शेजारणीचे मिरचीचे रोप, न विचारता लावलेले, एखाद्या पानाशी जरी मुरडले, तरी काकाजी त्याचा पंचनामा असा करतात की जणू पुरावा मिळावा म्हणूनच ते मुरडले होते.

दरम्यान वाफ्यातली दाटीने वाढलेली रोपे ऊर्ध्वगामी होत होत काडीसारखी लांबतात, खालची पाने पिवळी पडतात, आणि दिवाळीच्या सुमारास, जमिनीची अपेक्षा बहुधा सोडून दिल्यामुळे, जागच्या जागीच फुलावर येतात.

"काकाजी, रोपं म्हातारी झाली ना बाप्पा!" वाफ्याशी थबकून कामवाली मावशी म्हणते.

"घाई करू नको. थंडी पाहू दे."

वस्तुतः हा मनुष्य आळशी नाही. पहाटे उठून तो वाफ्यातील तण वेचतो, कोलमडलेले रोप चिमटीत धरून त्याचे काळवंडलेले बूड सर्वांना दाखवतो, आणि पाण्याची झारी स्वतःशिवाय कोणाच्या हाती देत नाही. त्याला लावणी नको असते असेही नाही. निर्दोष दिवस हवा असतो, आणि नागपूरच्या हवामानात असा दिवस आजवर कोणाच्या वाट्यास आलेला नाही.

याच मावशीने श्रावणात सडके टोमॅटो मोरीमागे फेकले होते. त्यांतून उगवलेल्या, कोणीही न लावलेल्या वेलांटीदार झाडांना मार्गशीर्षात लाल घोस लटकले, तेव्हा काकूंनी त्यांची लसूण घालून चटणी वाटली व ज्वारीच्या भाकरीसंगे काकाजींच्या ताटात वाढली. त्यांनी दोनदा मागून घेतली, बोट चाटले आणि गंभीरपणे शेरा मारला, "चव ठीक आहे. पण ही झाडं पंधरा दिवस लवकर उगवली."