रौप्यार्थी

विद्येची इच्छा धरतो तो विद्यार्थी आणि आश्रय मागतो तो शरणार्थी, ही व्युत्पत्ती आम्हांला शाळेत शिकविली होती. परंतु ज्याच्या खिशात पैसा आहे, पायांत वहाणा आहेत, मनात रुप्याची इच्छा आहे, आणि इतके सगळे असूनही ज्याला साऱ्या पेठेत कोणी पाव किलो चांदी द्यावयास तयार नाही, अशा गृहस्थास काय म्हणावे याचा विचार करण्याचा प्रसंग २०२५ सालच्या आश्विनापर्यंत माझ्यावर आला नव्हता. त्या महिन्यात असे गृहस्थ पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर आणि रविवार पेठेत इतक्या संख्येने आढळू लागले की, त्यांची एक स्वतंत्र ज्ञाती मानून तिला 'रौप्यार्थी' हे नाव मी मनाशी देऊन टाकले.

रौप्यार्थी ओळखण्यास फारशी विद्वत्ता लागत नाही. सोने घ्यावयास येणारा मनुष्य सहकुटुंब येतो, गादीवर ऐसपैस बसतो, चहा विचारला नाही तर रुसतो, आणि आरशात नवा हार न्याहाळणाऱ्या पत्नीकडे न पाहता पावतीवरील आकड्याकडे पाहत राहतो. रौप्यार्थी एकटा येतो. त्याच्या बगलेत चौघडी केलेली जाड कापडाची पिशवी असते. विटेच्या भाराने साधी पिशवी फाटेल, ही दूरदृष्टी त्याने पहिल्याच दिवशी दाखविलेली असते, परंतु पंधरवडा लोटला तरी त्या पिशवीची घडी मोडलेली नसते. तो दुकानाची पायरी चढत नाही; रस्त्यावरूनच भुवया उंचावतो. आतला सराफ मान हलवतो. भुवई आणि मान या दोनच अवयवांच्या साह्याने, एका शब्दावाचून, एवढा मोठा व्यवहार निकालात निघताना मी अन्यत्र कोठे पाहिलेला नाही.

आमच्या शेजारचे अप्पा हे या ज्ञातीचे मूळपुरुष. महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या अप्पांना उभ्या हयातीत कधी चांदीविषयी ममत्व वाटल्याचा दाखला कोणत्याही दफ्तरी नव्हता. वर्षाच्या आरंभी चांदी किलोला ९०,००० रुपयांच्या आगेमागे मिळत होती आणि सराफ ती हसतमुखाने, वर एक कॅलेंडर देऊन, विकीत होते, तेव्हा अप्पा त्याच रस्त्याने रोज मंडईत जात. पण त्यांची मान कधी वळली नाही. ऑक्टोबरात भाव पावणेदोन लाखांच्या पुढे गेला तेव्हा ती किंचित वळली. आणि एका दुकानाच्या काचेवर 'चांदी शिल्लक नाही' अशी हाताने लिहिलेली पाटी त्यांनी वाचली, त्या क्षणी अप्पा रौप्यार्थी झाले. नोकरीत असताना 'नाही' हा शब्द त्यांनी इतरांना इतक्या वेळा ऐकविला होता की, तो स्वतः ऐकून घेण्याचा सराव त्यांना राहिलाच नव्हता.

त्यांच्या भाच्याने मोबाइलवर चांदीचे ईटीएफ घेण्याचा मार्ग सुचवून पाहिला. अप्पांनी एकच प्रश्न केला, "ते वाजवून पाहता येते का?" ज्या मनुष्याने ३६ वर्षे सात-बाराच्या उताऱ्यांत काढली, त्याला कागदावर किती जमीन असते आणि जमिनीवर किती असते याची पक्की खबर असते, तो कागदावरील चांदीवर भरवसा ठेवील ही अपेक्षाच भाबडी होती. पुढे त्याच महिन्यात हजर माल दुर्मिळ होऊन येथला भाव जगाच्या भावाच्या फार वर चढला आणि काही म्युच्युअल फंडांनी आपल्या चांदीच्या योजनांत एकरकमी पैसे घेणे तहकूब केले, तेव्हा ती बातमी अप्पांनी वर्तमानपत्रातून कात्रीने कापली, भाच्याच्या घरी स्वतः नेऊन दिली, आणि त्याची सही घेऊन पोच आणली.

रौप्यार्थ्याजवळ रौप्य नसते, पण रौप्याचे ज्ञान अपरंपार असते. रात्री जेवणे आटोपली की, वाड्याच्या ओट्यावर बसून अप्पा लंडनची परिस्थिती विशद करीत. तेथल्या तळघरांत विटांच्या राशी आहेत, एकेक वीट सुमारे १,००० औंसांची म्हणजे ३१ किलोंची. परंतु त्यांतल्या बऱ्याचशा विटा फंडवाल्यांच्या नावे आधीच लागलेल्या, आणि मोकळा माल अमेरिका आयातकर बसवील या धास्तीने वर्षाच्या पूर्वार्धात न्यूयॉर्कला निघून गेलेला. त्यात उन्हापासून वीज काढणाऱ्या पॅनेलांना चांदी लागते, ती बहुतांशी शिसे, जस्त आणि तांबे यांच्या खाणींतून जोडउत्पन्न म्हणून निघत असल्यामुळे भाव वाढला म्हणून खाणवाला ती वाढवू शकत नाही. आणि नेमकी याच वेळी आमची दिवाळी तोंडावर. हे सर्व ऐकून माझ्यासारख्याचे डोके गरगरू लागे, परंतु अप्पा त्याचा निकाल एका वाक्यात लावीत. "माल आहे हो, पण इतर हक्कांत बोजा आहे." अखेर तोच माल न्यूयॉर्कहून विमानाने लंडनला परत आणू लागले हे वाचून त्यांना जे दुःख झाले ते मात्र अर्थशास्त्रीय नव्हते. चांदी विमानाने हिंडते आणि तिला शोधणारा पीएमपीच्या बसमध्ये उभा असतो, हा न्याय त्यांना पटेना.

टेक्ससच्या हंट बंधूंचा विषय निघाला की, अप्पांचा सूर वाया गेलेल्या पुतण्यांविषयी बोलताना लागावा तसा लागे. १९८० च्या जानेवारीत औंसाला ५० डॉलरांपर्यंत चढलेली चांदी २७ मार्चच्या गुरुवारी सुमारे ११ डॉलरांवर आलेली त्या बंधूंना पाहावी लागली. "उसनवारीवर घेतली पोरांनी. रोखीने घेऊन घरात ठेवायची होती," असे म्हणून अप्पा उसासा टाकीत, आणि त्या काळी त्यांचा सल्ला टेक्ससात पोहोचला नाही याचे मलाही वाईट वाटू लागे.

प्रत्यक्ष शोधाचे काम त्यांनी खात्याच्या शिस्तीने चालविले होते. जुन्या दैनंदिनीच्या कोऱ्या पानांवर रकाने आखून त्यांनी एक फेरिस्त सिद्ध केली: दुकानाचा ठिकाणा, चौकशीची तारीख, जाब देणाराचा हुद्दा, जाब, आणि शेरा. जाब सर्वत्र 'नाही' असाच असल्यामुळे अप्पांचे सारे वाङ्मयगुण शेऱ्याच्या रकान्यात उतरले होते. 'मालक हसला' असा एक शेरा होता. 'माल असावा, नजर चुकवितो' असा दुसरा. एके ठिकाणी लक्ष्मीची मुद्रा असलेले १० ग्रॅमचे एकमेव नाणे होते, पण त्यावरचा वरताळा ऐकून अप्पांनी 'लक्ष्मी चंचल, दुकानदार अचल' एवढेच टिपले आणि ते खाली उतरले. दुसऱ्या एका पेढीने सांगितले की, पैसे आज पुरे भरा, आजचा भाव पक्का, माल दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी. त्यापुढे तांबड्या शाईत 'हाही कागदच' असे नमूद होते. रजतनगरी म्हणून ज्याची ख्याती आहे त्या खामगावास एका मावसभावाकरवी पृच्छा झाली. हुपरीच्या एका ओळखीच्या कारागिरास फोन केला, तर पैंजण घडविण्यात पिढ्या घालविलेल्या त्या गृहस्थानेच उलट विचारले, "अप्पा, तिकडं पुण्यात कुठं मिळती का बघा की!" एके दिवशी तर अप्पा डेक्कन क्वीनने झवेरी बाजारात गेले आणि त्याच गाडीने परत आले. पिशवी बगलेतच होती. मात्र मुंबईचा भाव बरोबर आणला होता.

या मोहिमेत अप्पांचा खरा अवमान एकदाच झाला. रोजच्या भुवयांना कंटाळून रविवार पेठेतल्या एका सराफाने त्यांना वर बोलाविले आणि नम्रपणे म्हटले, "अप्पासाहेब, मागायला दिवसाला पन्नास माणसं येतात. द्यायला कोणी येत नाही. घरात मोड असेल तर तुम्हीच घेऊन या ना, हातोहात पैसे देतो." भर बाजारात आपण ग्राहकाचे पुरवठादार ठरविले गेलो, हा प्रसंग अप्पांनी घरी येऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून, हातवारे करून, साद्यंत सांगितला. वहिनी चिवडा परतीत होत्या. त्यांनी झाऱ्या थांबविला नाही. "काय भावाने घेतो म्हणाला?" एवढेच त्यांनी विचारले. प्रश्न गैरलागू असल्यामुळे अप्पांनी त्याची नोंद फेरिस्तीत घेतली नाही.

तो गैरलागू का होता, हे कळण्यासाठी रौप्यार्थ्याचे तत्त्वज्ञान समजून घेतले पाहिजे. त्याच्या लेखी चांदी म्हणजे वीट. गेला बाजार एखादे नाणे. घरातले ताम्हन, निरांजन, अत्तरदाणी, नातवाचे वाळे ही त्याच्या मते भांडीकुंडी होत, त्यांचा चांदीशी संबंध केवळ योगायोगाचा. हा दृष्टिदोष तसा नवा नाही. ज्या रुपयाचे नावच रुप्यावरून पडले, आणि राणीछापाच्या काळी ज्याच्या ११.६६ ग्रॅम वजनात बारापैकी अकरा भाग चांदी असे, त्यातली चांदी सरकारने १९४० साली निम्म्यावर आणली आणि १९४७ साली निकेल घालून ती पार काढून टाकली. तरी रुपया तो रुपयाच राहिला आणि कोणी भुवई उंचावली नाही. आजोबांनी ज्या धातूत पगार घेतला तो नातवाला पेढीपेढीवर मागत हिंडावा लागतो, यातली गंमत मी एकदा अप्पांच्या नजरेस आणून दिली. ते म्हणाले, "तेव्हा माल हजर होता."

धनत्रयोदशीच्या, म्हणजे १८ ऑक्टोबरच्या संध्याकाळी त्याच सराफाचा फोन आला, आणि अप्पांनी पंच म्हणून मला बरोबर घेतले. या वेळी अप्पा पायरी चढले. सराफाने तिजोरीतून एक तांब्या काढून मखमलीवर ठेवला. पोटाला फुगीर, गळ्याशी एक पोचा. "मोडीतला आहे. वितळवायला पाठवणार होतो, पण तुमच्या खेपा बघवेनात. वीट काही मिळायची नाही, अप्पासाहेब. हा वजनावर घ्या. पंच्याण्णव टंच आहे." जुन्या भांड्यावर हॉलमार्क कोठला? त्या वर्षी १ सप्टेंबरपासून चांदीच्या जिनसांना सहा अक्षरांकांचा ओळखक्रमांक देण्याची जी व्यवस्था सुरू झाली तीही ऐच्छिक. तेव्हा अशा वस्तूच्या बाबतीत सराफाचे तोंड हीच कसोटी.

अप्पांनी तांब्या नखाने वाजविला. त्यांचा चेहरा द्विधा झाला, कारण कितीही झाले तरी ते भांडे होते. आणखी दोन मिनिटे गेली असती तर तत्त्वनिष्ठेचा विजय झाला असता असे मला आजही वाटते. परंतु इतक्यात पायरीखाली एक अपरिचित गृहस्थ येऊन उभे राहिले, त्यांच्या बगलेत चौघडी पिशवी होती, आणि त्यांच्या भुवया हळूहळू वर चढू लागल्या. अप्पांनी तांब्या दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि म्हटले, "वजन करा."

काट्यावर ४१२ ग्रॅम भरले. मुनीम पावती करीत होता आणि अप्पा सत्तर हजारांवरचा आकडा धनादेशावर अक्षरी लिहिण्यात गढले होते, तेवढ्या अवकाशात मी सहज चाळा म्हणून तांब्या उलटा केला. बुडावर, जुन्या पद्धतीने टोचून काढलेली अक्षरे होती: शके १९०९, विवाहप्रीत्यर्थ सप्रेम भेट, आणि खाली एक नाव. आडनाव वहिनींच्या माहेरचे होते. मी तांब्या सुलटा ठेवला. शेजारधर्माला अनुसरून दोन शब्द बोलणे माझे कर्तव्य होते हे मी नाकारीत नाही. परंतु अप्पांच्या पिशवीची घडी त्या क्षणी प्रथमच मोडत होती, आणि ज्या सोहळ्यासाठी आम्ही सर्व पंधरा दिवस थांबलो होतो त्यात विघ्न आणण्याचे धैर्य मला झाले नाही. ३८ वर्षे ज्या तांब्यातले पाणी प्यायले त्याचे बूड अप्पांनी त्या दिवशीही पाहिले नाही. त्यांनी पाहिले ते वजन.

मंगळवारी, २१ तारखेला, लक्ष्मीपूजनाच्या प्रसादासाठी मला बोलावणे आले. चौरंगाशेजारी पाटावर तांदळाची रास करून तीवर तांब्या विराजमान झाला होता, त्याला हळदकुंकू वाहिले होते, आणि उजव्या बाजूस ती फेरिस्त वहीपूजनासाठी मांडली होती. वहिनींच्या कानांत मोत्यांच्या नव्या कुड्या होत्या. त्याच संध्याकाळी परदेशी बाजारात चांदी गडगडू लागली होती आणि भाच्याने ती बातमी मामांना तातडीने, पोच न मागता, कळविली होती. परंतु अप्पांच्या मुद्रेवर एखाद्या स्थितप्रज्ञाची शांती होती. "भाव चढेल, भाव उतरेल," ते मला म्हणाले, "वस्तू हाताशी आहे. पंच्याण्णव टंच!" आणि शेऱ्याच्या रकान्यात अखेरची नोंद करण्यासाठी ते चष्मा शोधीत आतल्या खोलीत गेले.

वहिनींनी माझ्या ताटलीत एक करंजी वाढली, मग तांब्याकडे पाहिले, मग आणखी एक वाढली.

"भावोजी, खरंच पंच्याण्णव सांगितलं त्यानं?"

"पावतीवर तरी तसंच लिहिलं आहे, वहिनी."

"मेला लबाड," वहिनी आवाज खाली आणून म्हणाल्या, "बुधवारी मी नेला तेव्हा पंच्याऐंशीच होता."